गारपिटीचा पंचनामा आणि ब्रुसेल्सचा कायदा: हवामान अनुकूलनात वरच्या आणि खालच्या पातळ्यांचा मेळ कसा बसतो

प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी नाशिकमध्ये सार्वजनिक धोरण शिकते. घरची द्राक्षबाग निफाड तालुक्यात आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं: युरोपीय संघ आपल्या सदस्य देशांना हवामान अनुकूलनाचे, म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याचे, आराखडे करायला लावतो, संयुक्त राष्ट्रांच्या परिषदांत जागतिक उद्दिष्टं ठरतात, दिल्लीत राष्ट्रीय कृती आराखडा आहे, मुंबईत राज्याचा आहे. पण नोव्हेंबरात गारा पडल्या की आमच्या शिवारात येतात ते तलाठी आणि कृषी सहायक, पंचनाम्याचा कागद घेऊन. मग या सगळ्या पातळ्यांचा समन्वय म्हणजे प्रत्यक्षात काय असतं? आणि युरोपकडून आपण घ्यावं असं काही आहे का?

आहे. खालच्या पातळीने पाठवलेला अहवाल वरच्या पातळीला वाचावा लागतो, त्यावर लेखी मत द्यावं लागतं, आणि त्या मताला खालच्यालाही लेखी उत्तर द्यावं लागतं, ही सक्ती युरोपने कायद्यात बसवली आहे. माझ्या मते घेण्यासारखी गोष्ट ती. मी बरीच वर्षं जिल्हा प्रशासन, राज्याचे विभाग आणि निधी देणाऱ्या संस्था यांच्या मधल्या जागेवर काम करतोय. आपल्याकडे माहिती वर जाते, भरपूर जाते, पण वरून परत येतो तो बहुतेक वेळा पुढच्या माहितीचा नमुना. खालच्या माणसाने मांडलेल्या प्रश्नाचं उत्तर येत नाही. समन्वयाचे बाकीचे दोष मला याच एका ठिकाणाहून फुटलेले दिसतात.

आधी एक फरक स्पष्ट करतो, कारण परीक्षेच्या उत्तरांतही त्याची गल्लत होते. उत्सर्जन कमी करणं आणि बदललेल्या हवामानाशी जुळवून घेणं या दोन कामांचा समन्वय वेगळ्या जातीचा आहे. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात एक टन कार्बन डायऑक्साइड वाचला काय किंवा पोलंडमधल्या केंद्रात वाचला काय, वातावरणाला सारखंच. म्हणून तिथे वरून आकडा ठरवता येतो, वाटून देता येतो, मोजता येतो. अनुकूलनात असा एक आकडा नाही. आपल्याच जिल्ह्यात इगतपुरीला पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि येवला-नांदगावकडे तो पाचशेच्या घरात असतो. सुरगाण्यात दरड आणि माती वाहून जाण्याचा प्रश्न, सिन्नरच्या पूर्व भागात टँकरचा, निफाडला गारा आणि दव, शहरात गोदाकाठचा पूर. एका जिल्ह्याला एक उपाय लागू पडत नाही, तिथे ब्रुसेल्सने, म्हणजे युरोपीय संघाने, किंवा दिल्लीने काय ठरवायचं?

तरीही वरच्या पातळीला काम आहे. पैसा, समान मोजमाप, हद्दी ओलांडणारे धोके आणि खालच्याकडून काम होतंय का हे बघणं, ही कामं खालच्याला एकट्याने जमत नाहीत.

युरोपचा प्रवास यासाठी बघण्यासारखा आहे. फिनलंडने 2005 मध्ये राष्ट्रीय अनुकूलन धोरण केलं, जर्मनीने 2008 मध्ये. म्हणजे आधी देश हलले. संघाने पहिलं अनुकूलन धोरण 2013 मध्ये आणलं, आणि ते जवळजवळ पूर्ण समजावणीचं होतं: आराखडे करा, अनुभव एकमेकांना सांगा. त्याच्या वर्षभर आधी, 2012 मध्ये, 'क्लायमेट-अडॅप्ट' नावाचं सामाईक माहितीचं संकेतस्थळ सुरू झालं होतं. पण समजावणीने आराखडे कागदावर आले तरी कामाचा वेग देशागणिक वेगळाच राहिला. मग 2021 च्या युरोपीय हवामान कायद्याने शब्द बदलला. त्याच्या पाचव्या कलमात सदस्य देशांनी अनुकूलनाची धोरणं आणि आराखडे 'करावेत' ही अपेक्षा राहिलेली नाही, ते करायचेच आहेत. दर दोन वर्षांनी अनुकूलनाचा अहवाल देण्याचं बंधन 2018 च्या एका नियमावलीने आधीच घातलं होतं, आणि 2021 पासून ते अहवाल यायला लागले.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते त्याच कायद्याचं सातवं कलम. युरोपीय आयोगाने देशांच्या उपायांचं ठरावीक काळाने मूल्यमापन करायचं. उपाय पुरेसे वाटले नाहीत तर त्या देशाला शिफारस करायची, आणि ती जाहीर करायची. शिफारस मिळाल्यावर त्या देशाने सहा महिन्यांत कळवायचं की आम्ही ती कशी विचारात घेणार आहोत. मान्य नसेल तर कारण द्यायचं. दंड नाही, निधी कापण्याची थेट धमकी नाही. पण गप्प बसायची सोय ठेवलेली नाही. संघाच्या कायद्यात तत्त्वच असं आहे की जे काम खालच्या पातळीवर नीट होऊ शकतं ते वर ओढायचं नाही. त्या तत्त्वाला धक्का न लावता देशांना बोलतं करण्याचा हा मार्ग त्यांनी काढला.

याच्या जोडीला पैशाचं कुलूप आहे. प्रादेशिक विकासासाठी संघाचा जो निधी मिळतो, त्यातला आपत्ती आणि हवामान धोक्यांवरचा भाग खर्च करायचा असेल तर त्या देशाकडे किंवा प्रांताकडे आपत्ती जोखमीचा आराखडा असावा लागतो आणि तो अनुकूलन धोरणाशी जुळावा लागतो. आराखडा नाही तर निधीचं दार उघडत नाही. मंत्रालयातल्या एखाद्या उत्साही अधिकाऱ्याच्या बदलीनंतरही आराखडा जिवंत राहतो, तो या अटीमुळे.

मार्च 2024 मध्ये युरोपीय पर्यावरण संस्थेने संपूर्ण खंडाचं पहिलं हवामान जोखीम मूल्यमापन प्रसिद्ध केलं. त्यात 36 मोठे धोके मांडले आहेत. प्रत्येक धोका किती गंभीर आणि किती तातडीचा, हे तर आहेच. पण आणखी एक रकाना आहे: या धोक्याची जबाबदारी कोणाची? संघाची, देशाची, की दोघांची मिळून? आपल्या राज्याच्या किंवा जिल्ह्याच्या कोणत्याही आराखड्यात असा रकाना असावा म्हणून मी जमेल तिथे आग्रह धरत आलोय. 'संबंधित विभाग' हे दोन शब्द लिहिले की जबाबदारी हवेत विरते. निफाडच्या गारपिटीसाठी संबंधित विभाग कोणता? कृषी, महसूल, मदत व पुनर्वसन, हवामान खातं, विमा कंपनी, की फलोत्पादनाची योजना चालवणारा कक्ष? सगळेच, आणि म्हणून कोणीच नाही.

आता युरोपची दुसरी बाजू, कारण तिथे सगळं जमतं असं चित्र घेऊन कोणी जाऊ नये. जुलै 2021 मध्ये युरोपच्या सामाईक पूरसूचना यंत्रणेने 10 तारखेपासून ऱ्हाइन आणि म्यूज नद्यांच्या खोऱ्यांसाठी संबंधित देशांच्या यंत्रणांना सूचना पाठवायला सुरुवात केली. 14 तारखेपर्यंत अशा 25 हून अधिक सूचना गेल्या. 14 च्या रात्री जर्मनीत आर नावाच्या लहान नदीच्या खोऱ्यात पूर आला आणि त्या एका खोऱ्यात 130 हून अधिक माणसं मेली. सर्वात वरच्या पातळीवर चार दिवस आधी धोका दिसत होता. पण सूचना जात होती ती राष्ट्रीय यंत्रणेला, ती होती मोठ्या खोऱ्यांबद्दल, आणि नदीकाठच्या घरातल्या माणसाने रात्री अकरा वाजता काय करायचं हे त्यातून निघत नव्हतं. मधल्या पातळ्यांवर त्या सूचनेचं रूपांतर होत होत ती पातळ झाली.

याच्या शेजारी गोदाघाट ठेवून बघा. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवणार असं पाटबंधारे खातं कळवतं, महापालिकेचे भोंगे घाटावर फिरतात. पण घाटावरचा टपरीवाला क्युसेकच्या आकड्याशी थांबत नाही. तो विचारतो, पाणी दुतोंड्या मारुतीच्या, म्हणजे पात्रातल्या त्या उंच मूर्तीच्या, कुठवर येईल? पायाशी, कमरेला, छातीला, की डोक्यावरून? कमरेच्या बातमीला टपरी हलवायची, छातीच्या बातमीला सराफ बाजारातल्या आणि भांडी बाजारातल्या दुकानदारांनी तळातला माल वर घ्यायचा, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. वरून आलेला आकडा इथे एका उघड्या, सगळ्यांना दिसणाऱ्या खुणेवर उतरतो, आणि प्रत्येक खुणेला एक ठरलेली कृती आहे. माझ्या कामात मी पाहिलेल्या पूरसूचनांच्या व्यवस्थांत शेवटच्या टप्प्याचं इतकं स्पष्ट काम फार थोड्या ठिकाणी आहे. अडचण अशी की ही खूण रामकुंडाच्या परिसरापुरती. गंगापूरचा विसर्ग कमी असतानाही शहरातच जोरदार पाऊस झाला तर नासर्डी आणि वाघाडी या उपनद्यांचं पाणी येतं, आणि त्या काठच्या वस्त्यांना मारुतीची खूण काही सांगत नाही. सप्टेंबर 2008 च्या पुरानंतर शहरात निळी आणि लाल पूररेषा आखली गेली: निळी साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी पुन्हा बाजारात शिरलं. पावसाचा स्वभाव बदलत असताना जुन्या नोंदींवरून काढलेल्या 25 आणि 100 या आकड्यांचा अर्थही बदलतो. युरोपच्या 2007 च्या पूर निर्देशात जोखमीचं मूल्यमापन, नकाशे आणि व्यवस्थापन आराखडे दर सहा वर्षांनी तपासायचं बंधन आहे, आणि त्या तपासणीत हवामान बदलाचा संभाव्य परिणाम धरायचाच आहे. आपल्या पूररेषांना असं घड्याळ लावलेलं नाही. 2027 च्या सिंहस्थात मुख्य स्नानं पावसाळ्यात येतात, लाखो माणसं त्याच घाटांवर उभी असतील. तेव्हा हे घड्याळ लावण्यासाठी याहून योग्य वेळ नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या पातळीबद्दल थोडक्यात सांगतो. तिथे युरोपीय संघासारखा देशांवर चालणारा कायदा नाही, देशांनी एकमेकांना दिलेले शब्द आहेत. पॅरिस कराराच्या सातव्या कलमात अनुकूलनाचं जागतिक उद्दिष्ट आहे आणि देशांनी आपली अनुकूलनाची माहिती कळवावी असं म्हटलं आहे. भारताने असा पहिला दस्तऐवज डिसेंबर 2023 मध्ये दिला. त्यात 2021-22 मध्ये अनुकूलनाशी संबंधित खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 5.6 टक्के होता असं नोंदवलं आहे. 2015-16 मध्ये तो 3.7 टक्के होता. वाटाघाटीत हा आकडा उपयोगी आहे, कारण गरीब देश स्वतःच्या खिशातून किती करतात हे त्याने जगाला दिसतं, आणि ते दिसायलाच हवं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2025 च्या अहवालानुसार विकसनशील देशांना 2035 पर्यंत वर्षाला 310 ते 365 अब्ज डॉलर लागतील, आणि 2023 मध्ये त्यांच्याकडे आला तो सार्वजनिक आंतरराष्ट्रीय निधी 26 अब्ज डॉलर. ही दरी लाजिरवाणी आहे. पण 5.6 टक्क्यांत निफाडला काय मिळालं हे त्या दस्तऐवजातून कळत नाही, आणि तो आकडा वर जाताना निफाडला कोणी विचारलंही नव्हतं. नोव्हेंबर 2025 मध्ये ब्राझीलमधल्या बेलेमच्या हवामान परिषदेत अनुकूलनाची प्रगती मोजण्यासाठी 59 निर्देशक मान्य झाले आहेत. ते आता देशोदेशी खाली येतील. माझी भीती अशी की 59 रकान्यांचा आणखी एक तक्ता तालुक्याला येईल आणि कृषी सहायकाच्या संध्याकाळी त्यात जातील.

भारतातल्या साखळीकडे येऊ. राष्ट्रीय कृती आराखडा 30 जून 2008 चा, आठ अभियानांचा. त्यानंतर राज्यांना आपापले आराखडे करायला सांगितलं गेलं. पाणी आणि शेती हे राज्यांचे विषय, त्यामुळे ते बरोबरच होतं. पण आराखड्यासोबत निधीचा पक्का प्रवाह आला नाही. 2015 मध्ये राष्ट्रीय अनुकूलन निधी सुरू झाला, नाबार्ड त्याची अंमलबजावणी संस्था होती, आणि महाराष्ट्राला त्यातून नंदुरबार आणि बुलढाण्यातल्या 51 गावांचा प्रकल्प मिळाला. नोव्हेंबर 2022 पासून त्या निधीला योजनेचा दर्जा उरला नाही. असं झालं की गावपातळीवर त्याचा अर्थ एकच होतो: ज्यांनी प्रकल्प शिकला ती माणसं पुढच्या कामाला लागतात आणि शिकलेलं विरून जातं. त्यामानाने जागतिक बँकेच्या कर्जातून 2018 मध्ये सुरू झालेला नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे पोकरा, टिकला, पाच हजारांहून अधिक गावांत पोचला आणि दुसऱ्या टप्प्यात गेला. तो टिकण्याचं एक कारण कर्जाच्या अटी आहेत. बँकेला ठरलेल्या वेळी हिशेब, तपासणी, तक्रारींची नोंद लागते. बाहेरच्या कोणाला तरी उत्तर द्यायचं आहे म्हटलं की आतली यंत्रणाही गावाला उत्तर देऊ लागते. पोकरातला गावाचा पाण्याचा ताळेबंद, म्हणजे किती पाऊस पडला, किती अडला, कोणत्या पिकाने किती प्यायलं, हा ग्रामसभेत फळ्यावर मांडला जातो तेव्हा लोक भांडतात, आकडे खोडून काढतात. ते भांडण मोलाचं आहे.

आता पंचनामा. नोव्हेंबर 2023 च्या शेवटच्या आठवड्यात निफाड परिसरात गारपीट झाली तेव्हा गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, होऊन बागा ऐन नाजूक अवस्थेत होत्या. पंचनाम्यात येतं ते शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, पीक, बाधित क्षेत्र, आणि नुकसान 33 टक्क्यांच्या वर आहे की नाही. आपत्ती प्रतिसाद निधीतून मदत मिळायची तर 33 टक्क्यांची अट आहे. त्या निधीत महाराष्ट्रासारख्या राज्यासाठी केंद्राचा वाटा 75 टक्के आणि राज्याचा 25. गारपीट केंद्राच्या आपत्तींच्या यादीत आहे. अवेळी पाऊस नाही, त्याला राज्याने आपल्या पातळीवर आपत्ती मानलं आहे, आणि अशा स्थानिक आपत्तींसाठी त्या निधीतला 10 टक्क्यांपर्यंतचाच भाग वापरता येतो. द्राक्षाला मात्र गारेइतकाच, कधी जास्त, मार फुलोऱ्यातल्या पावसाचा बसतो: डावणी रोग येतो, मणी कुजतात, घड जिरतात. म्हणजे आपत्तीची यादी दिल्लीत ठरते आणि आपत्तीचं स्वरूप शिवारात बदलतंय. ही दरी दिल्लीला कोण सांगणार? मी पाहिलेल्या पंचनाम्यांच्या नमुन्यांत छाटणीची तारीख नव्हती, बागेवर प्लास्टिकचं आच्छादन होतं का याचा रकाना नव्हता. एवढे दोन रकाने असते तरी प्रत्येक गारपिटीनंतर राज्याला फुकटात एक उत्तम अभ्यास मिळाला असता: कोणत्या छाटणीच्या बागा वाचल्या, आच्छादनाने किती राखलं, अनुदान कुठे द्यावं. आज पंचनामा फक्त पैसे वाटण्यासाठी वाचला जातो आणि वाटप झालं की कपाटात जातो.

फळपीक विम्याचंही तसंच. भरपाई महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते, आणि गारपिटीचं संरक्षण वेगळा हप्ता भरून घ्यावं लागतं. पाऊस शिवारागणिक बदलतो हे शेतकऱ्याला ठाऊक असतं. केंद्र मात्र मंडळाला एक. केंद्राची जागा चुकीची आहे, भोवती झाडं वाढली आहेत, नोंद बंद आहे, अशी तक्रार गावाने केली तर तिला ठरलेल्या मुदतीत उत्तर देणारा एक अधिकारी नेमून द्या. बाकीच्या सुधारणा त्यानंतर.

तुमच्या घरचा व्यवसाय द्राक्षाचा, म्हणून मी जी साखळी चालते तिच्याकडे बोट दाखवतो. युरोपमध्ये औषधांच्या अंशाची कमाल मर्यादा ठरते. ती अपेडामार्फत, म्हणजे केंद्राच्या कृषी निर्यात संस्थेमार्फत, इथे येते, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडून औषधांची यादी निघते, कृषी खात्याकडे बागेची प्लॉटनिहाय नोंदणी होते, मान्यताप्राप्त प्रयोगशाळा नमुना घेते, आणि ग्रेपनेट या ऑनलाइन नोंदप्रणालीवर पेटीपासून प्लॉटपर्यंतचा माग लागतो. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे आपल्याकडे ज्याला सीसीसी म्हणतात त्याचे अंश युरोपात सापडले आणि नाशिकचे कंटेनर तिकडच्या बंदरांत अडकले. वेलीची वाढ आवरायला ते सर्रास वापरलं जायचं आणि तपासणीच्या यादीत ते नव्हतं. कित्येक घरं त्या हंगामात कर्जात गेली. पण त्यानंतर ते यादीत आलं, वापर बदलला, सल्ला बदलला. ब्रुसेल्सपासून पिंपळगावच्या पॅकहाऊसपर्यंत पाच-सहा पातळ्या आणि दोन सरकारं असून ही साखळी चालते, कारण खालून गेलेल्या मालाचे नमुने वर तपासले जातात आणि निकाल प्लॉटच्या नंबरासह परत येतो. बाजाराने ही सक्ती घातली. हवामान अनुकूलनात ती बाजार घालणार नाही, शासनालाच घालावी लागेल.

राहिली नदी, आणि नाशिककरांसाठी हा सगळ्यात दुखरा भाग आहे. डॅन्यूबचं खोरं 19 देशांत पसरलेलं आहे. त्या खोऱ्यातल्या 14 देशांचा आणि युरोपीय संघाचा मिळून एक नदी आयोग आहे. त्याने 2012 मध्ये संपूर्ण खोऱ्यासाठी हवामान अनुकूलनाचं धोरण केलं आणि 2018 मध्ये ते सुधारलं. त्यात संघाबाहेरचे देशही बसतात. गोदावरीचा वरचा भाग तर एकाच राज्यात आहे, तरी नाशिक-नगर आणि मराठवाडा यांच्यातला पाण्याचा प्रश्न दर टंचाईच्या वर्षी न्यायालयाच्या दारात उभा राहतो. राज्याच्या जलसंपत्ती नियमनाच्या 2005 च्या कायद्यात समन्यायी वाटपाची तरतूद आली, 2013 मध्ये मेंढेगिरी समितीचा अहवाल आला, 2014 मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने आदेश दिला आणि 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तत्त्वतः समन्यायी वाटप उचलून धरलं. 2014 च्या आदेशातलं सूत्र असं की 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा 65 टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणसमूहांतून पाणी सोडायचं. मराठवाड्याचा हक्क खरा आहे, मी त्याच्या बाजूने बोलत आलोय आणि नाशिकमध्ये त्याबद्दल टीकाही ऐकली आहे. पण पाणी सुटतं तेव्हा काठावर काय होतं ते बघा: बंधाऱ्यांच्या फळ्या काढल्या जातात, नदीकाठच्या मोटारींची वीज तोडली जाते, पोलीस उभे राहतात, आणि ते दिवस बरोबर द्राक्षाच्या मणी भरण्याचे. दोन जिल्ह्यांचे शेतकरी एकमेकांना चोर म्हणतात, आणि पाण्याचा बराच भाग कोरड्या पात्रात मुरतो.

हवामान बदलाने या सूत्राचा पाया हलतोय. मोसमी पाऊस उशिरा माघारी गेला, ऑक्टोबरच्या उत्तरार्धात जोराचा पाऊस झाला, तर 15 तारखेचा साठा पुढच्या आठ महिन्यांबद्दल पूर्वीइतकं सांगत नाही. तारीख आणि टक्केवारी दोन्ही ठरावीक वर्षांनी, सगळ्यांसमोर, खोऱ्यातल्या दोन्ही बाजूंच्या पाणीवापर संस्थांना बसवून तपासायला हवीत. पाणी सोडण्याचा निर्णय नोव्हेंबरात होतो, पण पिकांचा निर्णय शेतकऱ्याने जूनमध्ये घेतलेला असतो. म्हणून जूनमध्येच अंदाजासह पहिली सूचना, ऑगस्टअखेर दुसरी, आणि वरच्या-खालच्या दोन्ही भागांच्या हरकतींना लेखी उत्तर, असा क्रम मी सुचवत आलोय. डॅन्यूबवाल्यांकडे आपल्याहून मोठे अभियंते नाहीत. त्यांच्याकडे टंचाई नसतानाही ठरल्या दिवशी एकत्र बसायची सवय आहे.

दक्षिण आशियात देशांच्या वरची पातळी जवळजवळ रिकामी आहे. सार्कने 2008 मध्ये ढाक्यात हवामान कृती आराखडा केला होता, पण 2014 नंतर त्याची शिखर परिषदच झालेली नाही. त्यामुळे आपल्याला शेजाऱ्यांकडून सक्ती येणार नाही आणि जागतिक परिषदेची सक्ती सैल आहे. उत्तराची सक्ती आपल्याला देशाच्या आतच उभी करावी लागेल, आणि तिची सुरुवात राज्य आणि जिल्हा यांच्यामध्ये होऊ शकते, कारण शेती आणि पाणी दोन्ही तिथेच आहेत. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 नुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि जिल्ह्याचा आपत्ती आराखडा दरवर्षी अद्ययावत व्हायचा असतो. पंधराव्या वित्त आयोगाने आपत्ती निधीतला 20 टक्के भाग जोखीम आधीच कमी करण्यासाठी राखून ठेवला. नाशिकच्या आराखड्यात नासर्डी-वाघाडी काठच्या सूचनाव्यवस्थेचा किंवा बागांवरच्या आच्छादनाचा प्रस्ताव लिहिला, तर राज्याने तो मान्य किंवा अमान्य केल्याचं कारण 60 दिवसांत कळवावं, आणि ते कारण जिल्ह्याच्या संकेतस्थळावर लागावं. यासाठी नवीन कायदा लागत नाही, एक शासन निर्णय पुरतो.

तुम्हाला प्रबंधाला विषय हवा असेल तर गंगापूर ते पैठण एवढाच पट्टा घ्या आणि एका पावसाळ्यात त्या पट्ट्यातून वर गेलेला प्रत्येक अहवाल शोधा: पंचनामे, विसर्गाच्या नोंदी, हवामान केंद्रांच्या तक्रारी, टंचाई आराखडे. प्रत्येकासमोर लिहा, तो कोणी वाचला, कधी वाचला, उत्तर आलं का. बरीच माहिती माहितीच्या अधिकारात मागावी लागेल, आणि काही कार्यालयांत फाइल मिळायला वेळ लागेल, तेव्हा अर्ज जूनच्या आधी करा. निफाड आणि पैठण, दोन्ही तहसील कार्यालयांत एकाच नमुन्याचा अर्ज द्या, म्हणजे तुलना करता येईल.